बाहेरचं घ्या, घरचं टाकू नका

फाल्गुन लागला की सुरतेच्या कारखान्यांतून, सौराष्ट्रातल्या शेतांतून, ऊसतोडीच्या फडांवरून माणसं नंदुरबार जिल्ह्यात परत येऊ लागतात. होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, ढोल दुरुस्त होतात, काठी गावच्या राजवाडी होळीची तयारी सुरू होते. पोटासाठी वर्षभर कुठेही असला तरी सातपुड्यातला माणूस होळीला घरी असतो. म्हणून हे आवाहन आत्ताच करतो आहे. सगळं घर एका छपराखाली येण्याचे वर्षातले हे मोजके दिवस असतात. त्यात एक विषय घरात बोलून घ्या.

जगभरचा माल, गाणी, कपडे, भाषा आपल्या दारात येऊन ठेपल्या आहेत. त्यातलं काय घ्यायचं आणि घेताना आपलं काय ठेवायचं, हे कोण ठरवणार? आपण ठरवलं नाही तर ते आपोआप ठरेल, आणि जिथं ठरेल तिथं आपल्या गावाचं नावही कुणाला ठाऊक नसेल.

आपला मुलूख कधी बंद नव्हता

"मोबाइल आला आणि सगळं बिघडलं," असं पारावर बसून म्हणणं सोपं आहे. पण हा मुलूख कडीकुलपात कधीच नव्हता. सुरत बंदरातून बऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी रस्ता नवापूर-नंदुरबारवरून जायचा. सतराव्या शतकात या वाटेनं गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची तारीफ लिहून ठेवली आहे. इराणात कुणाला मोलाची भेट द्यायची तर या तांदळाचं पोतं नेतात, असं तो सांगतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपला तांदूळ इराणात पोचला, कारण तसा तांदूळ दुसरीकडे मिळत नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बाहेरून इकडे आलेलंही थोडं नाही. नंदुरबारची बाजारपेठ जिच्या नावानं ओळखली जाते आणि जिच्या पथाऱ्यांनी शहराबाहेरचं रान लाल होतं, ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात भारतात आली. मकाही तिथलाच. आज धडगावच्या डोंगरात मक्याच्या भाकरीला कुणी परदेशी म्हणेल का? सारंगखेड्याच्या दत्तयात्रेला मारवाड, काठियावाड, पंजाबातून घोडे येत आले आहेत. नवापूरच्या रेल्वे स्थानकाच्या मधून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात स्वातंत्र्यासाठी गोळ्या झेलणारा शिरीषकुमार मेहता गुजराती बोलणाऱ्या घरातला होता. आपल्याकडे एका आठवडी बाजारात पावरी, भिलोरी, वसावी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी, गुजराती, उर्दू, हिंदी आणि मराठी कानावर पडतात. बाहेरच्याची भीती बाळगणाऱ्या मुलखाचा बाजार असा नसतो.

मग आत्ताच काळजी का करायची? ते मक्याकडे पाहून कळतं. मका बाहेरून आला, पण इथल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगली कणसं निवडून वेगळी ठेवली आणि पुढच्या पावसाला तीच पेरली. उताराला चालणारा, कमी पावसात तगणारा, भाकरीला गोड लागणारा, असे त्याचे स्थानिक वाण झाले. पिशवीतल्या संकरित बियाण्याचं तसं होत नाही. त्याचं पीक पुन्हा पेरलं तर तसंच येत नाही, म्हणून दर वर्षी दुकानात जावं लागतं. उत्पन्न जास्त मिळत असेल, ते नाकारायचं कारण नाही. पण एखादी गोष्ट घेऊन आपली करणं वेगळं आणि ती कायम विकत घेत राहणं वेगळं. पहिल्यात आपल्या हातात काहीतरी वाढतं. दुसऱ्यात हात रिकामे होत जातात, आणि ते चटकन कळतही नाही.

सारखेपणा कसा येतो

लग्नातला डीजे घ्या. पिकअपवर लादलेले स्पीकर धडगावात तेच, शहाद्यात तेच, पुण्यात तेच, गाणीही तीच. डीजेनं ढोल वाजवायला कुणाला बंदी केली नाही. झालं एवढंच की सुपाऱ्या मिळेनात म्हणून ढोलवाल्यानं पोराला ढोल शिकवला नाही. पावरी हे वाद्य वाजवणारा म्हातारा गेला, त्याच्या मागे ते हातात धरणारा कुणी नव्हता. परंपरा कुणी मारावी लागत नाही. एका पिढीनं पुढच्या पिढीच्या हातात दिली नाही की ती संपते. ढोलाभोवती फेर धरून नाचणारं गाव स्पीकरपुढे तोंड करून उभं राहतं, तेव्हा नुसतं वाद्य बदलत नाही, माणसांचं एकमेकांकडे पाहणंही बदलतं.

त्याच वेळी दुसरी बाजू पाहा. आपल्याकडचे रोडाली बँड आणि टिमलीची गाणी ऐका. कीबोर्ड जपानी कंपनीचा, पण चाल आणि शब्द आपल्या डोंगरातले. त्यांवर तरुण पोरं रात्रभर नाचतात, आणि ती गाणी यूट्यूबवरून गुजरातच्या सागबारा-डेडियापाड्यापर्यंत जातात. अहिराणी गाणी तर कोट्यवधी वेळा पाहिली गेली आहेत. म्हणजे यंत्राशी भांडण नाही. यंत्रातून कुणाचा आवाज निघतो, एवढंच विचारायचं आहे.

सगळंच एका साच्यातलं झालं की काय होतं, याचा धडा जिल्ह्यानं घेतलेला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरात जाहीर झाला. तिथल्या शेडांमध्ये हजारोंच्या संख्येनं दाटीवाटीनं ठेवलेल्या कोंबड्या एकाच घडणीच्या होत्या. जगभरच्या शेडांना पिल्लं पुरवणाऱ्या पैदास कंपन्या मोजक्याच आहेत. विषाणू देशी-विलायती पाहत नाही, गावठी कोंबडीही त्यानं मरते. पण एका छपराखाली एकाच जातीचे हजारो जीव असले की एक घाव सगळ्यांना लागतो. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि ठरवलेल्या टापूतली आदिवासी घरांच्या परसातली चार-पाच गावठी कोंबडीही सरकारी पथकानं नेली. शेडवाल्यांनी धंदा पुन्हा उभा केला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तोच रोग नवापुरात पुन्हा आला. शेतातही हेच. सगळा तालुका एका वाणावर गेला आणि त्या वाणावर रोग पडला, तर शेजाऱ्याकडे मागायलाही दुसरं बी उरत नाही.

सारखेपणा आणणारं आणखी एक कारण आहे, त्याला आपण फॅशन म्हणू शकत नाही. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं आली. नर्मदेकाठची माणसं तळोद्याच्या सपाटीवर आणि इतरत्र विखुरली. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. नदीतले मासे, काठावरचं रान, औषधाची झाडं, देवांच्या जागा एका ठिकाणी राहिल्या आणि माणसं दुसरीकडे गेली. ज्या झाडाचं नाव पोराला दाखवून सांगायचं ते झाडच समोर नसेल, तर नाव किती दिवस टिकणार? म्हणून "आदिवासी पोरं आपली संस्कृती विसरली" असं म्हणताना जरा थांबा. काही घरांनी ती सोडली, आणि काही घरांकडून ती काढून घेतली गेली.

मराठी वाचकांना एक कडू गोष्ट

इंग्रजी मराठीला गिळते आहे, अशी तक्रार आपण सगळे करतो. ती रास्त आहे. पण धडगावच्या पावरा मुलाला वयाच्या सहाव्या वर्षी पहिल्यांदा जी परकी भाषा गाठते, ती इंग्रजी नसते, मराठी असते. आश्रमशाळेत तो पहिल्या दिवशी बसतो तेव्हा गुरुजींचा एक शब्द त्याला कळत नाही, आणि त्याचा एक शब्द गुरुजींना कळत नाही. मुलगा गप्प बसतो आणि "मंद" ठरतो. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला "शुद्ध बोल" म्हणून दटावलं जातं. इंग्रजीनं मराठीशी करू नये असं जे आपल्याला वाटतं, ते मराठीनं पावरी, मावची आणि अहिराणीशी करू नये. आपल्याच घरातल्या लहान भाषांना जागा दिली नाही, तर मोठ्या भाषेकडे जागा मागायला आपलं तोंड राहत नाही.

याला उपाय आहे आणि तो जिल्ह्यात करून पाहिलेला आहे. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या जीवनशाळा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नर्मदेकाठी चालल्या. तिथं मुलांच्या बोलीत शिकवलं गेलं, बोलीत वाचायचं साहित्य तयार झालं, आणि मग मराठी शिकवली गेली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, असं सांगतं. शिक्षक बंधू-भगिनींनो, नवं पुस्तक येईपर्यंत थांबू नका. ज्या गावात नेमणूक आहे तिथले शंभर शब्द शिका. पाणी, भूक, आई, पोट दुखतं, घरी जायचं आहे, इथून सुरुवात करा. गावातल्या एखाद्या आजीला आठवड्यातून एकदा वर्गात बोलवा आणि तिला तिच्या बोलीत गोष्ट सांगू द्या. मुलांना ती मराठीत सांगायला लावा. भाषेचा धडाही होईल आणि आजीचा मानही राहील.

पालकांना वेगळं सांगतो. पोरगा घरात पावरी किंवा मावची बोलला म्हणून त्याचं इंग्रजी कच्चं राहत नाही. घरची भाषा पक्की असलेलं मूल दुसरी भाषा नीट शिकतं. सुरतेत राहत असाल तर गल्लीत गुजराती, शाळेत हिंदी-इंग्रजी, हे चालणारच. पण उंबऱ्याच्या आत घरचीच भाषा, एवढा एक नियम घाला. आजी-आजोबांना रोज फोन लावा आणि पोराच्या हातात द्या. त्याला फी लागत नाही.

जगानं दिलं तेही मोजा

जगाशी नातं जोडलं की नुकसानच होतं, असं मानू नका. १९८५ मध्ये जागतिक बँकेनं सरदार सरोवरासाठी कर्ज दिलं. त्याविरुद्ध लढणाऱ्यांमध्ये आपली डोंगरातली गावं होती. बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली आणि १९९३ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये, अशी मागणी एका जाहीरनाम्यात केली. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं गेलं मणिबेलीचं. अक्कलकुवा तालुक्यातल्या एका लहान गावाचं नाव जगाच्या तोंडी गेलं ते असं. धरण थांबलं नाही, गाव वाचलं नाही, हेही खरं. पण आपल्यासारखी गावं इतर देशांतही आहेत आणि ती आपल्यासाठी बोलतात, हे तेव्हा कळलं.

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिवस हाही बाहेरूनच आला. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक १९८२ मध्ये झाली, तिच्या आठवणीसाठी १९९४ मध्ये हा दिवस ठरला. आज त्या दिवशी नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याचे रस्ते ढोलांनी आणि पारंपरिक पोशाखांनी भरतात. शहरात शिकणारी जी पोरं आडनाव सांगायला कचरत, ती छाती पुढे काढून वळवी, पाडवी, वसावे, पावरा असं सांगतात. २०२२ ते २०३२ हे आदिवासी भाषांचं आंतरराष्ट्रीय दशक म्हणून जाहीर झालं आहे, तेही अशाच जोडणीतून.

सारखेपणा सगळाच वाईट, असंही नाही. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार शहादे तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तो बारा आकडी नंबर सगळ्या देशात एकाच साच्याचा. मजुरीला परगावी गेलेल्या बाईला तिथं रेशन मिळावं, बँकेत खातं उघडावं, दवाखान्यात तिला कुणी परत पाठवू नये, यासाठी असा साचा लागतो. हक्क सगळीकडे सारखेच हवेत. माणसांनी मात्र सारखं होण्याची गरज नाही.

जुनं सगळंच ठेवायचं नाही

परंपरा म्हणून जे जे हातात आलं ते सगळं जपा, असं मी सांगणार नाही. डाकीण ठरवून बाईला मारहाण करणं, गावाबाहेर काढणं, हे सातपुड्यात घडत आलं आहे. ते टाकायलाच हवं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठी आहे, तो वापरा. कोवळ्या वयात मुलीचं लग्न लावणंही टाका. त्यानं कुठलीही संस्कृती लहान होत नाही.

बदल आपणच ठरवून करायचा, याचाही नमुना जिल्ह्यातच आहे. १९३० च्या दशकात तळोदे तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी आदिवासींना दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानानं 'आप' म्हणा, असं सांगितलं आणि हजारो माणसं त्यांच्या मागे गेली. १९७० च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत बायांनी दारूचे अड्डे फोडले. कुणी टीव्हीवर पाहून हे केलं नाही. आपल्या दुखण्यावर आपणच औषध शोधलं.

उलट, सपाटीच्या लोकांसारखं दिसण्याच्या नादात चांगलं टाकू नका. आदिवासी समाजांत नवऱ्याकडून मुलीकडच्यांना देज दिलं जातं. विधवेनं पुन्हा घर मांडणं तिथं जगावेगळं मानत नाहीत. आज काही शिकल्या-सवरल्या घरांत त्याच्या जागी हुंडा शिरतो आहे, कारण "मोठ्या लोकांत" तसं असतं. मोठ्या लोकांकडून घ्यायचंच असेल तर त्यांची लायब्ररी घ्या, त्यांचा हुंडा घेऊ नका.

आता करायचं काय

शेतकरी भावा-बहिणींनो, सगळं शेत जुन्या वाणाला द्या, असं कुणी म्हणत नाही. बांधालगतचा एक तुकडा द्या. त्यात घरचा मका, घरची ज्वारी, राळा, भादी, मोर यांसारखं भरडधान्य, जे असेल ते दर वर्षी पेरा, म्हणजे बी जिवंत राहील. धडगाव तालुक्यात बायफ संस्थेच्या साथीनं शेतकऱ्यांनी स्थानिक मका-ज्वारीच्या वाणांच्या बीज बँका उभ्या केल्या. त्या पाहून या आणि आपल्या पाड्यात मडक्यांनी सुरुवात करा. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानं घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. फक्त ते एखाद्या कंपनीच्या नावाच्या पिशवीत विकता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या राखलेला वाण आपल्या गावाच्या नावावर नोंदवता येतो, आणि शेतकऱ्याला त्याची फी पडत नाही.

बाजारासाठी नवापूरचा तांदूळ आठवा. दुसरीकडे मिळत नाही त्यालाच दूरचं गिऱ्हाईक मिळतं. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच जोरावर. पण नुसत्या मानांकनानं भाव वाढत नाही. बचत गटानं किंवा शेतकरी कंपनीनं एकत्र येऊन त्या नावानं माल विकला, तरच वाढतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाया आमचूर करतात तो कोयीपासून वाढलेल्या गावरान आंब्यांचा. त्यातल्या प्रत्येक झाडाची चव निराळी, आंबटपणा निराळा. ती झाडं तोडून एकाच जातीची कलमं लावण्याआधी दहा वेळा विचार करा. २०२३ हे साल जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. आपण ज्याला गरिबाचं खाणं म्हणून लाजत होतो, ते आता शहरात पाकिटातून महाग विकलं जातं. विका, पैसा मिळवा. पण सगळं विकून पोरांना नुसता रेशनचा तांदूळ घालू नका. आधी घरचं ताट, मग बाजार.

तरुणांनो, तुमच्या खिशातला फोन हे आजवर आपल्या हातात आलेलं सगळ्यात मोठं साधन आहे. या होळीला रील कराच, पण सोबत एक काम करा. गावात रोडाली गाणारं, याहामोगी देवीची आणि डाब गावची कथा जाणणारं, झाडपाल्याची नावं सांगणारं जे माणूस आहे, त्याच्यासमोर बसा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्याला हवा तितका वेळ बोलू द्या. नाव, गाव, तारीख बोलून घ्या. ते रेकॉर्डिंग फोनसोबत हरवेल, म्हणून दोन ठिकाणी ठेवा. आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय काहीही इंटरनेटवर चढवू नका. काही गाणी, काही विधी गावापुरतेच असतात. म्हातारा "हे बाहेर नको" म्हणाला तर तो शब्द पाळा. व्हॉट्सॲपवर घरच्यांशी आपल्या बोलीत लिहा. देवनागरीत पावरी नीट लिहिता येते. स्पेलिंग ठरलेलं नाही म्हणून अडू नका, लिहिता लिहिताच ते ठरतं.

लग्नघरांना एक विनंती. डीजे बंद करायला जमत नसेल तर निदान हळदीला ढोल-पावरी लावा आणि वाजवणाऱ्याला डीजेवाल्याइतकीच बिदागी द्या. कलावंताला हार घालून त्याच्या पोराला कला शिकवता येत नाही, पैसा मिळाला तर तोच शिकवतो. गुजर, कुणबी, व्यापारी घरांनाही हेच सांगणं आहे. आखाजीच्या सणातला झोका आणि आखाजीची गाणी तुमच्याही लेकींच्या तोंडून निघाली आहेत, ती मोबाइलच्या स्टेटसवर सोडून देऊ नका.

होळी बघायला बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनो, या, आपलं स्वागत आहे. काठीला उंच बांबूची होळी पहाटे पेटते. तिचा खड्डा हत्यार न लावता हातांनी खणतात, आणि ही रीत साडेसातशे वर्षांहून जुनी असल्याचं तिथले लोक सांगतात. मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरू ल्यालेला बुध्या तुमच्यासाठी नटलेला नसतो. तो नवस फेडत असतो, त्यासाठी कित्येक दिवस पालनीचं व्रत पाळत असतो. त्याला ओढून फोटोला उभं करू नका. विचारा, थांबा, मग फोटो काढा. आणि उत्सव समित्यांनो, पाहुण्यांच्या भाषणांआधी माइक गावच्या माणसाकडे द्या. आपल्याच दुःखावर दुसरेच बोलतात आणि आपल्याला मंचावर जागा नसते, हे शहाद्याकडच्या वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत केव्हाच सांगून ठेवलं आहे.

शेवटी गावानं मिळून करायचं काम. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके आणि शहादे-नंदुरबारचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. आपल्या रूढी, आपली सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार त्या कायद्यानं ग्रामसभेला दिला आहे. त्यासाठी कुठल्या साहेबाची परवानगी लागत नाही, ठराव लागतो. होळीनंतरची ठरलेली ग्रामसभा १ मे ला आहे. तिच्यासमोर तीन ठराव ठेवा. गावात बियाण्याची एक खोली किंवा कोठी असावी आणि तिचा हिशेब बायांच्या गटानं ठेवावा. शाळेत आठवड्यातून एक तास गावच्या बोलीचा असावा आणि तो गावातल्याच माणसानं घ्यावा. गावातल्या प्रत्येक लग्नात किमान एक कार्यक्रम गावच्याच वादकांचा असावा. मजुरीला जाणारे १ मे पर्यंत पुन्हा बाहेर पडलेले असतील, म्हणून त्यांचं मत होळीतच घेऊन ठेवा. ठराव लिहून, सह्या-अंगठे घेऊन, ग्रामपंचायतीकडून नक्कल मागून घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारा की यातलं काय झालं.